केटीज बोअरचे पाठमोरे अध्यापन

जे ज्ञान तपासता येत नाही ते ज्ञान नसून नुसती सवय असते, असे आमच्या शिक्षण खात्याचे मत आहे. हे मत आजवर कोणी तपासलेले नाही, त्यामुळे ते टिकून आहे.

त्याला अनुसरून खात्याने काही वर्षांपूर्वी ठरवले की शाळकरी मुलांना आदिवासी संस्कृती आणि वनस्पतींचे पारंपरिक उपयोग शिकवले जावेत. निर्णय स्तुत्य होता. त्याआधी हे ज्ञान मुलांना आज्यांकडून मिळत असे, आणि आज्यांची नेमणूक कोणत्या नियमाखाली झाली आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते.

गरज सर्वांत जास्त कुठे आहे याची पाहणी झाली. ऑस्ट्रेलियाचा नकाशा घड्या घालून खिशात ठेवला, तर काही दिवसांनी जिथे पहिले भोक पडते तिथे केटीज बोअर ही आमची वस्ती आहे. येथील शाळेतली सगळीच्या सगळी मुले आदिवासी असून त्यांच्यापैकी एकाकडेही आदिवासी संस्कृतीचे प्रमाणपत्र नाही, असे पाहणीत आढळले. शंभर टक्के तूट. इतकी मागास वस्ती खात्याच्या माहितीत दुसरी नव्हती.

अभ्यासक्रम समुद्रकाठच्या एका शहरात, गार हवेच्या खोलीत तयार झाला. त्यात खाडीतल्या तिवरांवर दोन धडे होते. आमच्याकडून कोणत्याही दिशेला निघाले तरी खाडी गाठायला गाडीने दोन दिवस लागतात, पण मुले गुणी. त्यांनी तिवरे पाठ केली. (एकाने परीक्षेत तिवराचे चित्र काढून त्याच्या मुळाला उंट बांधला. त्याला निम्मे गुण मिळाले. उंट बरोबर होता.) अभ्यासक्रमासोबत प्लास्टिक चढवलेली कार्डेही आली. पुढे झाडाचे चित्र, मागे उपयोग. त्यांचा फायदा तत्काळ दिसून आला. वस्तीतल्या बायकांना पत्ते खेळायला टिकाऊ जोड मिळत नव्हता, तो मिळाला. तिवराचे कार्ड हुकमाचे धरतात.

एवढी सोय होऊनही गुरुवारचा तास जुन्याच पद्धतीने चालू राहिला, हे मान्य केले पाहिजे. हा तास डल्सी मावशी घेते. शाळेच्या टोयोटात मुले भरायची, जिथे काही पिकले असेल तिथे जायचे, खणायचे, भाजायचे, खायचे, सावलीत झोपायचे आणि परत यायचे. यातला नेमका कोणता भाग शिक्षण आहे हे वेगळे काढता येत नसल्याने खात्याने बरीच वर्षे तिकडे दुर्लक्ष केले. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक दर वर्षी बदलतात, टोयोटा मात्र तीच आहे. त्यामुळे शाळेला परंपरा म्हणून जी काही आहे, ती टोयोटाच.

टोयोटा चालवण्याचे लायसन वस्तीत ज्यांच्याकडे आहे आणि अजून जप्त झालेले नाही, अशांत शाळेचा सहायक शिक्षक लेस्टर हा एकच माणूस. लेस्टर हा डल्सी मावशीच्या लेकीचा नवरा. म्हणजे तिचा जावई.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांकडे बघत नाहीत, नाव घेत नाहीत, समोरासमोर बसत नाहीत. हे भांडण नव्हे. हा आदर आहे, आणि जगात आदराचे जेवढे प्रकार आहेत त्यांत सर्वांत कमी आवाजाचा. जावयाने सासूसाठी सरपण आणावे, शिकारीतला चांगला वाटा पोचवावा, आणि दिसेनासे व्हावे. एवढेच.

तेव्हा टोयोटात पुढे लेस्टर, सगळ्यांत मागे दाराकडे तोंड करून डल्सी मावशी, मध्ये आडवा बांधलेला जाड टॉवेल, आणि टॉवेलच्या कडेला टमिका. टमिका लेस्टरची मुलगी, डल्सी मावशीची नात. तिच्यामार्फत दळणवळण चालते.

"टमिका, त्या गाडी चालवणाऱ्याला म्हणावं, रस्त्यावरनं चालव. खड्डे मोजायला आलो नाही आपण."

"बाबा, आजी म्हणते—"

"ऐकलं."

"ऐकलं म्हणून सांगू?"

"नको. मी कुठं ऐकलंय अजून? तू सांग, मग ऐकतो."

टमिका सांगते. लेस्टर ऐकतो. गाडी हळू होते. थोड्या वेळाने तो म्हणतो, "मागं बसलेल्यांना सांग, पुढं नाला आहे, टाळकी सांभाळा."

"आजी, बाबा म्हणतात—"

"बहिरी नाही मी. पण तू सांग, सांग. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

या तासाची तपासणी करायला विभागीय सहभाग समन्वयक श्री. मर्विन टिल्बी आले. पूर्वी ते पोहण्याच्या तलावांचे निरीक्षक होते. खोलीचा अंदाज असलेला माणूस म्हणून त्यांना वाळवंटात पाठवण्यात आले. गोरापान, नाकावर पांढरे मलम, हसरा चेहरा, कोणालाही मदत करायला धावणारा. असा माणूस तपासणीला आला की वस्तीला चिंता वाटते, कारण रागीट माणूस लवकर परत जातो.

तपासणीत तास नापास झाला तर गुरुवारची सफर बंद होणार होती. तिच्याऐवजी शाळेच्या अंगणात अर्धी कापलेली पिंपे मांडून त्यांत रोपे लावायची, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी अडकवायची, असा पर्याय तयार होता. (पिंपे आधीच येऊन पडली होती. कुत्र्यांनी त्यांचा ताबा घेतला होता.)

त्या दिवशी कोरड्या नदीच्या पात्रात रानकांदे निघत होते. लव्हाळ्याच्या मुळाशी असतात तसे, करंगळीच्या टोकाएवढे. डल्सी मावशी पात्राच्या मधोमध बसली होती. राखेत मळलेल्या रानतंबाखूची गोळी तिच्या गालात होती. (तंबाखूचा भाग आरोग्याच्या कारणास्तव धड्यातून वगळला आहे, गालातून नाही.)

"अरे, नुसते उकीर काढू नका डुकरासारखे! आधी बघा. जिथं माती फुगलीय तिथं हात घाला. हां. आता निखाऱ्याकडेच्या गरम राखेत लोटा, मग तळहातावर चोळा, फुंकर मारा. आणि ते शेंबडं नाक कोणाचं? इकडे ये. हा गवती चहा चुरगाळून हुंग. रडू नको, नाक उघडतंय ते."

तिच्याकडे पाठ करून, दूर एका झाडाखाली लेस्टर फळा मांडीवर घेऊन बसला होता. मुले पात्रातून ओंजळी भरून त्याच्याकडे धावत. तो मोजून घेई, नाव इंग्रजीत लिहून घेई, आणि एखादा प्रश्न देऊन परत पाठवी. "विचारून या, पाऊस पडला नाही तर कांद्याचं काय होतं?" मुले धावत जात, उत्तर घेऊन धावत येत. दोन्ही शिक्षकांनी दिवसभरात मान वळवली नाही.

श्री. टिल्बी मधोमध उभे राहून दोघांच्या पाठींकडे आळीपाळीने पाहत होते. शेवटी ते लेस्टरजवळ गेले.

"हे तुम्ही मुद्दाम करता?"

"हो तर."

"किती वर्षांपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे?"

"ती माझी सासू आहे."

श्री. टिल्बी पोट धरून हसले. लेस्टरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे मित्रा, माझी सासू घरी आली ना, की मीही असाच पाठ करून बसतो!"

लेस्टरने पुन्हा समजावून सांगितले नाही. दोनदा सांगितल्याने खात्याला कळले, असे उदाहरण त्याच्या नोकरीत घडलेले नव्हते.

अहवालात तासाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. श्री. टिल्बींनी लिहिले: "दोन्ही शिक्षक परस्परांकडे पाठ करून बसतात. त्यामुळे ज्ञान एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे थेट न जाता विद्यार्थ्यामार्फतच जाऊ शकते. विद्यार्थी हा ज्ञानाचा वाहक बनतो. त्याला धावावे लागत असल्याने व्यायामाचा तास वेगळा ठेवण्याची गरज राहत नाही. ही पद्धत सहायक शिक्षकाच्या विवाहापासून सातत्याने वापरात असून तिचे कोणतेही दुष्परिणाम आढळलेले नाहीत."

खात्यात गुणाची कदर होते. वर्षाच्या आत 'पाठमोरे अध्यापन' ही पद्धत समुद्रकाठच्या शाळांपर्यंत पोचली. मार्गदर्शिका निघाली. तीत साहित्याची यादी दिली होती: शिक्षक दोन, विद्यार्थी, धावू शकणारे, टॉवेल एक, मातकट रंगाचा (फुलाफुलांचा टॉवेल वापरल्यास संस्कृतीचा अपमान होतो). शिक्षकांची शिबिरे भरली. पहिल्या दिवशी पाठ कशी करावी, दुसऱ्या दिवशी ती तशीच कशी ठेवावी, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रवाटप. प्रमाणपत्र देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांकडे पाठ केल्यामुळे काही प्रमाणपत्रे चुकीच्या माणसांना गेली, पण ती सगळी सारखीच होती.

निष्कर्ष उत्साहवर्धक होते. ज्या शाळांत पद्धत लागू झाली त्यांपैकी ब्याऐंशी टक्के शाळांत शिक्षकांमधली भांडणे थांबली. (उरलेल्या अठरा टक्के शाळांत शिक्षक एकच आहे. तो आरशाकडे पाठ करून शिकवतो.) एका शहरी शाळेत मुख्याध्यापिका आणि उपमुख्याध्यापक आता फक्त सातवीच्या मुलांमार्फत बोलतात, आणि शाळेचा कारभार पूर्वी कधी नव्हता इतका सुरळीत आहे. गणिताचा निकाल वाढला नाही, पण मुलांचा पळण्याचा वेग वाढला.

मार्गदर्शिकेच्या शेवटी एक नियम होता, तो श्री. टिल्बींनी स्वतः आग्रहाने घालून घेतला होता. "स्थानिक समाजाच्या नात्यागोत्याच्या रूढी सर्व परिस्थितींत पाळल्या जातील. कोणताही अधिकारी त्यास अपवाद नाही." हा नियम फार सुंदर होता. त्याची चौकट करून विभागीय कार्यालयात लावली गेली.

एवढे यश मिळाल्यावर पुढची पायरी ओघानेच आली. पद्धत इतकी चांगली, तर मूळ तास चित्रित करून ठेवला पाहिजे. सगळ्या झाडांची माहिती, सगळे उपयोग, सगळ्या जागा डल्सी मावशीला एकदाच विचारून घ्यायच्या. प्रश्नावली तयार होती, संमतीच्या सहीचा कागदही. एकदा तो चित्रपट हाती आला की बारा महिने, कोणत्याही ऋतूत, कोणत्याही मुलाला रानकांदा शिकवता येईल. मग दर गुरुवारी तीच मुले तिथेच नेणे ही अनावश्यक पुनरावृत्ती ठरते. आणि सफर बंद झाल्यावर टोयोटा रिकामीच असेल. ती पाठमोऱ्या अध्यापनाच्या शिबिरांचे टॉवेल वाहून नेण्यासाठी लागणार होती.

श्री. टिल्बी ही आनंदाची बातमी घेऊन आले तेव्हा बरोबर कॅमेरावाली मुलगी होती. त्यांनी डल्सी मावशीपुढे उकिडवे बसून सगळे सांगितले. (तेव्हा ते तिच्यापुढे बसू शकत होते.)

"मावशी, एकदा रेकॉर्ड झालं ना, की तुमचं ज्ञान कायम राहील. कधी संपायचं नाही!"

"राहील रे. पण खायचं कसं ते?"

"नाही, म्हणजे मुलं बघून शिकतील."

"लाल डोंगरापलीकडं जायचंय मला. ते झाल्यावर ने तुझी गाडी."

"तिथली माहितीही घेऊच की आपण! नकाशावर बोट ठेवून दाखवा फक्त."

"बोट ठेवून?" डल्सी मावशी म्हणाली, आणि गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला केली. ती तसे करते तेव्हा आमच्या वस्तीतली कुत्रीसुद्धा उठून दुसरीकडे जाऊन बसतात.

लाल डोंगरापलीकडे तिच्या आईच्या माणसांची जागा आहे. तिथे बाभळीच्या जातीची एक झाडी आहे. तिच्या शेंगांचे बी भाजून, दळून भाकरी करतात. ती झाडी दर वर्षी फळत नाही. लागोपाठ दोन पावसाळे चांगले व्हावे लागतात, आणि ते नऊ वर्षांनी यंदा झाले होते. टमिका नऊ वर्षांची. तिने ती जागा पाहिलेली नाही, आणि तिला ती दाखवणारे दुसरे कोणी आता राहिलेले नाही. शेंगा तडकून बी मातीत पडायला फार दिवस उरले नव्हते. डोंगरापलीकडे पायी जाण्याइतके डल्सी मावशीचे गुडघे शिल्लक नव्हते. आणि टोयोटा पुढच्या सोमवारी जाणार होती.

दुपारी मोठ्या झाडाखाली बायकांचा पत्त्यांचा डाव पडला. डल्सी मावशी खेळत होती, पण तिवर हातात असून ती हरली. तिची थोरली बहीण मर्ना पत्ते पिसत होती.

"काय ग, लक्ष कुठंय तुझं?"

"टोयोटात."

"मग सही देऊ नकोस त्याच्या कागदावर."

"सही नाही दिली तर म्हणतो, दुसरीकडच्या कोणाला तरी विचारू. आणि गाडी तरीही नेणार. भला माणूस आहे ग. भल्या माणसाला नाही म्हणायला तोंड दुखतं."

"मग बोलूच नकोस त्याच्याशी."

"बोलू नको कसं? तो समोर येऊन बसतो ना, उकिडवा!"

थोरल्या मर्नाने पिसणे थांबवले. मग म्हणाली, "त्याला अजून नातं नाही दिलेलं ना आपण?"

याचे स्पष्टीकरण असे. आमच्यात प्रत्येकाला आईबापांनी ठेवलेल्या नावाखेरीज एक कूळनाव असते, आणि त्यावरून तो वस्तीतल्या प्रत्येकाचा कोण लागतो हे ठरते. बाहेरचा माणूस आमच्यात राहू लागला की त्यालाही एक कूळनाव देतात. नाहीतर त्याला हाक काय मारायची, आणि त्याने कोणापुढे खाली बघायचे? दवाखान्यातल्या नर्सबाईंना मिळाले आहे. दुकानदाराला मिळाले आहे. पंप दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलासुद्धा मिळाले. (पंप अजून बंद आहे, पण तो आता भाचा असल्यामुळे बोलता येत नाही.) श्री. टिल्बींना मात्र मिळाले नव्हते, आणि हे दुःख ते हसऱ्या चेहऱ्याने सहन करत होते.

त्यांना झाडाखाली बोलावण्यात आले.

"ये रे, बैस. तिथं नको, इकडे उजव्या हाताला. किती दिवस झाले तुला येऊन-जाऊन?"

"दोन वर्षं होतील, मावशी."

"आणि अजून कोणाचा कोणी नाहीस. लोक काय म्हणतील? कुत्र्यांनासुद्धा नातं आहे आमच्याकडे." मर्नाने त्यांना खालून वर न्याहाळले. "उंची तशीच आहे. चालतोही तसाच, पाय फेकत. तू लेस्टरचा भाऊ. आजपासून."

श्री. टिल्बींच्या डोळ्यांत पाणी आले. नाकावरचे मलम ओघळले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लेस्टरने लांबून हात वर केला. डल्सी मावशी मात्र तेवढ्यात आपले पत्ते उचलून, डोक्यावरून फडके ओढून, झाडाच्या पलीकडच्या बाजूला पाठ करून जाऊन बसली होती. श्री. टिल्बींना वाटले, तिचा डाव संपला.

तासाभरात त्यांच्या प्रत्येक ईमेलखाली, पदाच्याही वर, नवे कूळनाव छापून येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपात्रात कॅमेरा लागला. प्रश्नावली हातात घेऊन टिल्बी पुढे झाले, आणि डल्सी मावशीने फडके तोंडावर ओढून पाठ फिरवली. ते वळसा घालून समोर गेले. ती पुन्हा फिरली. तिसऱ्या वळशाला टमिका आडवी आली.

"अहो, थांबा! काय करताय? तुम्हाला नाही बोलता येत तिच्याशी."

"का?"

"सासू आहे ती तुमची."

"कोणाची?"

"तुमची. तुम्ही बाबांचे भाऊ ना? मग ती तुमची पण सासू."

टिल्बी हसायला लागले. मग आजूबाजूला कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी लेस्टरकडे पाहिले. लेस्टर दूर झाडाखाली पाठमोरा बसला होता. बसल्या बसल्या तो थोडा बाजूला सरकला.

"या, भाऊ," तो म्हणाला. "दोघांपुरती सावली आहे."

तपासणीच्या वेळी लेस्टरने काय सांगितले होते हे टिल्बींना कळायला अशी जवळजवळ दोन वर्षे आणि एक मार्गदर्शिका लागली. त्यांची बाजू घेऊन इतकेच सांगितले पाहिजे की कळल्यावर ते तिथून हलले नाहीत. आपलाच नियम त्यांना पाठ होता. ते गेले, पाठ करून बसले, आणि तिथून मार्गदर्शिकेबरहुकूम टमिकामार्फत प्रश्न पाठवू लागले.

"बाळा, आजींना विचार, या कांद्याचे औषधी उपयोग कोणते?"

टमिका धावत गेली, धावत आली. "आजी म्हणते, त्या नव्या माणसाला विचार, सरपण कोण आणणार?"

"सरपण?"

"जावयांनी आणायचं असतं. बाबा कालच आणून टाकून आले. तुमचं काय?"

"बरं, आणतो. मग विचार, लाल डोंगरापलीकडे कोणत्या वनस्पती आहेत?"

टमिका गेली, आली. "आजी म्हणते, मांस पण लागेल. शेपटीकडचं. पुढचं नको, त्याला चव नसते."

दुपारपर्यंत प्रश्नावली संपली. चित्रपटात डल्सी मावशीची पाठ, टिल्बींची पाठ, आणि मधून धावणारी एक मुलगी असे सुमारे चार तासांचे दर्शन घडते. खात्याला तो अतिशय आवडला. पाठमोऱ्या अध्यापनाचे इतके शुद्ध उदाहरण यापूर्वी चित्रित झालेले नव्हते. मात्र त्यात वनस्पती एकही नसल्याने, वनस्पतींपुरती गुरुवारची सफर अनावश्यक आहे असे म्हणता येईना.

टोयोटाचा प्रश्न उरला. वरून विचारणा झाली की ती सोमवारी का निघाली नाही. टिल्बींनी कळवले की सासूच्या वापरातले वाहन जावयाने काढून घेणे स्थानिक रूढीत बसत नाही, आणि अधिकारी त्यास अपवाद नाही. भिंतीवर चौकट असल्यामुळे कोणाला काही बोलता आले नाही. एका हुशार उपसंचालकाने सुचवले की असे असेल तर दुसरा अधिकारी पाठवावा, जो तिचा जावई नाही. वस्तीचे मत विचारण्यात आले. थोरली मर्ना पत्ते वाटत होती.

"पाठवा की," ती म्हणाली. "लेस्टरला अजून बरेच भाऊ होऊ शकतात."

पुढच्या गुरुवारी पहाटेच्या गारव्यात टोयोटा लाल डोंगराकडे निघाली. टॉवेलच्या पुढे दोन जावई, मागे डल्सी मावशी, तिच्या शेजारी या वेळी टमिका, आणि कडेला बसून निरोप पोचवण्याचे काम दुसऱ्या एका पोराकडे. टमिकाला आज मागच्या काचेतून वाट बघायची होती. जाताना दिसते ती वाट येताना उपयोगी पडत नाही, मागे पडत जाणारी पाहून ठेवावी लागते, असे डल्सी मावशी तिला सांगत होती. पुढच्या दोघांनी ते ऐकले नाही. निदान त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते.

झाडी शेंगांनी वाकली होती. बी गोळा झाले, भाजले, दळले, त्याची भाकरी झाली. टमिकाने बाकी काय पाहिले, वळण कुठल्या खडकापाशी घ्यायचे, शेंग कोणत्या रंगावर तोडायची, कोणता पाला वाटून गुडघ्याला बांधायचा, हे सगळे येथे देण्याचा विचार होता. लांबचे लोक वाचतात, त्यांना अशा माहितीची मनापासून हौस असते. परवानगी घ्यावी म्हणून थोरल्या मर्नाला तसे सांगितले.

"चांगली माणसं आहेत का ग ती?" तिने डल्सी मावशीला विचारले.

"चांगलीच असणार. एवढं सगळं ऐकून घेतलं म्हणजे."

"आता विचारतील, गुडघ्याचं काय म्हणत होतात ते."

"विचारणारच."

"मग बसव लेस्टरच्या ओळीत."

तेव्हा वाचकहो, अभिनंदन. आमच्यात तुम्हाला नाते मिळाले आहे. तुमच्याकडे जावई म्हटला की अधिक महिन्यात अनारशांचे ताट पुढे येते असे ऐकतो. इथे त्या नात्यात मिळण्यासारखे काही नसते, आणण्यासारखे मात्र पुष्कळ असते. डल्सी मावशीला काही विचारू नका, तिच्याकडे बघू नका. लाकूड कोरडे हवे, बारीक फोडलेले. ते ठेवा आणि या.